घरच्याच कपड्यांची सोंगे



स्नेहसंमेलन जवळ आले की विविध वेशभूषा स्पर्धेची सूचना लागते. ती फळ्यावर आठ दिवस आधी लिहिलेली असते, पण घरी पोहोचते आदल्या रात्री, जेवताना. मग आई म्हणते, "आता ह्या वेळेला कुठून आणू मी झाशीची राणी?" आणि बाबा म्हणतात, "पनवेलात भाड्याने मिळतं ना." मिळते, खरे आहे. पण त्याला भाडे द्यावे लागते, वर अनामत ठेवावी लागते, आणि ज्यांना मजुरी बुडवून बाजारात जावे लागते त्यांना ते परवडत नाही. गेल्या वर्षी आमच्या वर्गातल्या तिघी संमेलनाच्या दिवशी आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी विचारले तर म्हणाल्या, पोटात दुखत होतं. तिघींच्या एकदमच कसे दुखले हे सर्वांना कळले, पण कोणी काही बोलले नाही.

म्हणून मी हा लेख लिहीत आहे. यात सांगितलेल्या एकाही सोंगासाठी दुकानात जावे लागत नाही. सगळे सामान घरात असते आणि एका संध्याकाळी काम होते.

सोंग काढणे ही काही नवी गोष्ट नाही. आपल्या कोकणात शिमग्याला सोंगे निघतात. रत्नागिरीकडे संकासूर असतो. त्याचे कपडे काळे, डोक्यावर उंच निमुळती टोपी आणि कमरेला घुंगरांचा पट्टा. पुरुष साडी नेसून नाचतात. मुले दारोदार जाऊन पोस्त मागतात. गंमत म्हणजे परदेशातही असेच चालते. ३१ ऑक्टोबरला अमेरिकेतली मुले भुताखेतांची सोंगे घेऊन शेजाऱ्यांच्या दारी जातात आणि खाऊ मागतात. त्या सणाला हॅलोविन म्हणतात. ही मुळात आयर्लंड-स्कॉटलंडकडची रीत, तिकडून गेलेल्या लोकांबरोबर ती अमेरिकेत पोहोचली. तिकडे ज्याची तयारी झालेली नसते तो पांढरी चादर डोक्यावरून घेतो, डोळ्यांसाठी दोन भोके पाडतो आणि भूत होतो. आपल्याकडे चादरीला भोके पाडली तर भूत कोण होईल ते मी लिहायला नको!

माझ्या आजीला सोंगांतले फार कळते. तिने लहानपणी शिमग्याची सोंगे जवळून पाहिली आहेत. मी तिला विचारले, की सोंग ओळखू कसे येते? ती म्हणाली, लांबून तीनच गोष्टी दिसतात. डोक्यावर काय आहे, कमरेला कसे नेसले आहे आणि हातात काय आहे. मी नंतर ताडून पाहिले तर हे अगदी बरोबर निघाले. मैदानावर मागे बसलेल्या माणसाला जर, टिकल्या, मणी काही दिसत नाहीत. वारकरी घ्या. पांढरी टोपी, धोतर आणि हातात टाळ किंवा भगवी पताका, एवढ्यावर तो वारकरी होतो. सदरा कुठल्या कापडाचा आहे ते कोण बघतो?

तेव्हा आधी धोतर. छोट्या मुलाला आजोबांचे धोतर नेसवू नका, ते पायांत येते. घरातली ओढणी घ्या. साधारण अडीच मीटरची असते, ती पुरते. खाली हाफपँट राहू द्यावी. ओढणी कमरेमागे आडवी धरायची, दोन्ही टोके पुढे आणून पोटावर एक गाठ मारायची. डाव्या टोकाच्या निऱ्या करून पायांमधून मागे न्यायच्या आणि पाठीमागे पँटमध्ये खोचायच्या. हा झाला काष्टा. उजव्या टोकाच्या निऱ्या पुढेच खोचायच्या. लांबी घोट्याच्या वर पाहिजे, कारण स्टेजच्या पायऱ्या चढताना सगळे तिथेच अडखळतात. हे एक नेसणे आले की वारकरी, वासुदेव, शेतकरी, जोशीबुवा असे सगळे जमते.

वासुदेवाला मोरपिसांची टोपी लागते, तिथे पुष्कळजण हात टेकतात. पण ती वर्तमानपत्राची होते. दोन कागद एकावर एक ठेवून उंच शंकू करा, आणि शिळ्या भाताने किंवा पिठाच्या खळीने चिकटवा. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे डोळ्याच्या आकाराचे तुकडे कापून निळे-हिरवे रंगवा आणि शंकूवर खालून वर लावत जा. बाबांचा पांढरा झब्बा अंगरख्यासारखा गुडघ्याखाली येतोच. कमरेला आईची रंगीत ओढणी बांधा. हातात टाळ किंवा चिपळ्या. नसतील तर दोन चमचे पाठीला पाठ लावून वाजवले तरी चालते, मी वाजवून बघितले आहेत. मात्र वासुदेव गिरक्या घेतो, म्हणून टोपीला हनुवटीखाली नाडी बांधायला विसरू नये.

संत गाडगेबाबांचे सोंग तर गोधडीच्या बोचक्यातूनच निघते. आई-आजी गोधडीसाठी चिंध्या साठवून ठेवतात. बाबांचा जुना सदरा घ्या आणि त्याच्यावर त्या चिंध्या मोठ्या टाक्यांनी टाका, म्हणजे नंतर उसवता येतात. बाबांच्या डोक्यावर मडक्याचे खापर असे. आपल्याकडे नारळ घरोघरी, म्हणून करवंटी घ्यावी, तिच्या कडा आधी दगडावर घासून गुळगुळीत कराव्यात. हातात खराटा. पण नुसते उभे राहून चालणार नाही. गाडगेबाबा गावात आले की आधी रस्ता झाडायला लागत, आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत. त्यांचा जन्म १८७६ चा आणि निधन २० डिसेंबर १९५६ चे. तुम्ही स्टेज झाडत या आणि समोर बसलेल्यांना दोन प्रश्न विचारा. स्वच्छतेचे भाषण पाठ करण्यापेक्षा मला हे जास्त आवडते.

मुलींना झाशीची राणीच व्हायचे असते. तलवार, ढाल, फेटा, मोत्यांची माळ, पाठीला बाळ, सगळे करता करता रात्र जाते. त्यापेक्षा सावित्रीबाई फुले व्हा. त्यांची जयंती ३ जानेवारीला असते, आणि आपण मुली आज इथे भित्तिपत्रक वाचतो आहोत त्यात त्यांचा वाटा आहे. लुगडे किंवा साधी सुती साडी, दोन्ही खांद्यांवरून पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात पुस्तक. एवढे सगळेच करतात. त्यात एक कापडी पिशवी वाढवा आणि पिशवीत दुसरी साडी ठेवा. का, ते सांगते. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. तिकडे शिकवायला जाताना लोक त्यांच्या अंगावर चिखल, शेण टाकत. म्हणून त्या शाळेत गेल्यावर बदलायला एक लुगडे बरोबर नेत. स्टेजवर पिशवीतून ती साडी काढून दाखवली आणि हे दोन वाक्यांत सांगितले, की दुसरे काही लागत नाही. तलवारीपेक्षा ती पिशवी लोकांच्या जास्त लक्षात राहील असे मला वाटते.

लहान मुलीला साडी नेसवायची तर आधी साडीची रुंदी अर्धी दुमडून घ्यावी. घट्ट नाडीचा परकर किंवा चड्डी आत हवीच, कारण निऱ्या नाडीत राहतात. पिना आतून लावाव्यात आणि टोक बंद आहे ना ते दोनदा पाहावे.

मुलगे साडी नेसायला लाजतात. का ते मला कळत नाही. दशावतारात राणीचे काम पुरुषच करत आले आहेत. बालगंधर्व (१८८८ ते १९६७) रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका करत, आणि त्यांचे साडी नेसणे, अंबाडा घालणे पाहून मोठमोठ्या घरांतल्या बायका तशी फॅशन करत. तेव्हा कोणाला कोळीण व्हायचे असेल तर खुशाल व्हा.

कोळणीला आपल्याकडे काही शोधावे लागत नाही. पनवेलला खाडी आहे, कोळीवाडा आहे, बाजारात मावश्या रोज दिसतात. काष्टा गुडघ्यापर्यंत घट्ट नेसायचा, केसांत वेणी किंवा गजरा, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर टोपली. टोपलीत पुठ्ठ्याचे पापलेट. मी घरी असे नेसून चालून दाखवले तर आजी म्हणाली, "कोलीण अशी चालते का गो? डोक्यावर वजन हाय तुज्या!" मग तिने टोपलीत खरोखरच दोन किलो तांदूळ ठेवले आणि अंगणात चार फेऱ्या मारायला लावल्या. मान आपोआप ताठ झाली आणि हात आपोआप हलायला लागले. सोंग घेणाऱ्या प्रत्येकाने ही युक्ती करावी. ज्याचे सोंग त्याचे काम थोडा वेळ खरेच करून बघायचे.

एस.टी.चा कंडक्टर हे माझ्या भावाचे आवडते सोंग. पनवेलचे एस.टी. स्टँड माहीत नाही असा माणूस कोकणात सापडणार नाही. खाकी शर्ट कोणाच्या तरी घरी असतोच. जुनी शबनम पिशवी गळ्यात अडकवा. आता तिकिटाचे मशीन आले आहे, पण पूर्वी कंडक्टरकडे रंगीत तिकिटांची पेटी आणि भोक पाडायचा पंच असे. तो पंच टिकटिक वाजला की झोपलेला माणूस जागा होई, असे बाबा सांगतात. कंपासपेटीत रंगीत कागदाच्या पट्ट्या भरा आणि हातात नखे कापायचे नेलकटर वाजवा. "पेण, अलिबाग! पुढे सरका, पुढे सरका," म्हणायचे आणि शेवटी डबल बेल मारायची.

आपल्या तालुक्यातल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके कोणीतरी जरूर करावेत. त्यांचा जन्म तिथे ४ नोव्हेंबर १८४५ ला झाला. पुण्यात लष्कराच्या हिशेबाच्या कचेरीत ते नोकरी करत, पुढे माणसे जमवून १८७९ मध्ये त्यांनी इंग्रज सरकारविरुद्ध बंड केले. पकडल्यावर त्यांना एडनच्या तुरुंगात ठेवले आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच ते वारले. त्यांना दाढी पाहिजे. काळ्या लोकरीचे वीतभर तुकडे करा, एक-एक तुकडा मधोमध दुमडून दोऱ्यावर गाठीने अडकवा, जवळजवळ सारून विंचरा, आणि दोऱ्याची टोके दोन्ही कानांवर अडकवा. गोंदाने दाढी चिकटवू नये. काढताना कातडी ओढली जाते आणि फार झोंबते. तुरुंगातल्या बेड्या वर्तमानपत्राच्या कड्या एकात एक अडकवून होतात, वरून काळा रंग किंवा कोळसा.

तोंडाला लावायला काजळ, हळद, कुंकू आणि पावडर एवढेच वापरावे. रांगोळी, चुना, भिंतीचा रंग कोणी लावू नये. रांगोळी डोळ्यांत गेली तर दवाखानाच गाठावा लागतो. पेटता पलिता, मेणबत्ती हातात नको, आपण सगळे कागदात आणि ओढण्यांत गुंडाळलेले असतो.

भूत ज्यांना व्हायचेच आहे त्यांच्यासाठी आपले देशी भूत सांगते. पांढरी चादर खांद्यांवरून घ्यायची, तोंड उघडे ठेवून पावडर फासायची, डोळ्यांखाली काजळ. आणि भुताचे पाय उलटे असतात ना? पुठ्ठ्याची बोटे कापून टाचेच्या मागे बांधायची. पुढून माणूस, पाठ फिरवली की सगळे किंचाळतात.

आता एक गोष्ट जरा रागाने लिहिते. काहीही तयारी नसली की पुष्कळजण फाटका सदरा घालून भिकारी होतात, नाहीतर तोंडाला काळे फासून "आदिवासी" होतात, आणि लोक हसतात. आमच्या वर्गात कातकरी वाडीवरच्या मैत्रिणी आहेत. कोणाचे बाबा वीटभट्टीवर जातात आणि त्यांचा रोजचा सदरा तसाच फाटलेला असतो. तो सदरा स्टेजवर आला आणि सगळे मैदान हसले, तर पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या मुलीने काय करावे? कामकऱ्याचे सोंग घ्या, पण त्याचे काम दाखवा. वीट कशी थापतात, जाळे कसे टाकतात, लावणी करताना पाय चिखलातून कसा काढतात. ते अवघड आहे. करून बघा.

पालकांना एक विनंती. परीक्षकांनी भाड्याच्या चकचकीत पोशाखाला जास्त गुण देऊ नयेत असे आम्ही सातवीच्या मुलांनी बाईंना सांगितले आहे. तुम्हीही सांगावे. मोठी माणसे बोलली की लवकर होते.

कार्यक्रम झाल्यावर तोंडाचे काजळ आधी खोबरेल तेलाने पुसा, मग साबण लावा. साड्यांतल्या पिना मोजून काढा. घाम आलेली साडी घडी घालून ठेवू नका, आधी वाळत घाला, म्हणजे पुढच्या वर्षी आई परत देईल. माझ्याकडे काळी लोकर आणि नऊ-दहा पिना शिल्लक आहेत. ज्यांना दाढी-मिशा हव्यात किंवा धोतराचा काष्टा जमत नाही, त्यांनी मधल्या सुट्टीत सातवीच्या वर्गात यावे. ओढणी मात्र आपापली आणावी.