थंडीच्या प्रवासाआधी गाडीची ऊब

श्रोतेहो, दसरा झाला की आपल्या जिल्ह्यात लगबग सुरू होते. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतली कितीतरी कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. पावसाळाभर गोठ्याच्या कडेला उभी असलेली बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टरची ट्रॉली बाहेर निघते. तिच्यावर ताडपत्री चढते आणि भांडीकुंडी, शेळी, कोंबड्या, लेकरे असा सगळा संसार तिच्यात बसतो. पुढे पौष आला की आणखी माणसे बाहेर पडतात. पौर्णिमेला नळदुर्गच्या खंडोबाची यात्रा असते, त्याच सुमारास तुळजापूरला शाकंभरी नवरात्र असते. पुष्कळांचा मुक्काम गाडीतच पडतो. (ट्रॉलीतून माणसे नेणे कायद्याला मंजूर नाही, आणि ते धोक्याचेही आहे. पण माणसे जातात आणि त्यात झोपतात, तेव्हा त्यांच्याशी याविषयी बोलायलाच हवे.)

तिकडे युरोप-अमेरिकेत अशा फिरत्या घराला कॅराव्हॅन म्हणतात. आपल्या राज्य सरकारनेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण काढले. त्या घरात पलंग, चूल, पाण्याची टाकी असे सगळे असते. पण थंडीत सहलीला निघायचे असले, तर तिकडचा जाणता माणूस निघायच्या दिवशी घाईने शेगडी पेटवत नाही. तो एक-दोन दिवस आधीच गाडी उघडतो, तिच्यात वारा खेळवतो, गाद्या वाळवतो आणि मग ऊब देतो. त्यांची गाडी लाखांची आणि आपली ताडपत्रीची, पण उष्णतेचे नियम दोघांना एकच.

गाडी ऊबदार करायची म्हणजे नेमके काय तापवायचे? आपल्याला वाटते, आतली हवा. जरा हिशेब करून पाहू. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि ताडपत्रीसकट पावणेदोन मीटर उंच अशा ट्रॉलीत साधारण १० घनमीटर हवा मावते. तिचे वजन १२ किलोच्या आसपास भरते. ही सगळी हवा एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत जेमतेम ३ लिटर पाणी एक अंशाने तापेल. म्हणजे हवा चटकन तापते. पण कोणी लघवीला उठून पडदा बाजूला केला की तितक्याच चटकन निघूनही जाते. खरी थंडी बसलेली असते ती लोखंडी तळात, ओल्या लाकडात आणि अंथरुणात. तिथे लक्ष दिले नाही, तर वर कितीही जाळा, पाठ गारच राहणार.

पहिला शत्रू ओल. चार महिने घडी घालून ठेवलेली वाकळ हाताला कोरडी लागली तरी आतून दमट असते. कापडाच्या धाग्यांत अडकलेली हवा आपली ऊब राखते. त्या हवेच्या जागी पाणी आले की ऊब पळते, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. शिवाय ते पाणी आपल्याच अंगाच्या उष्णतेवर वाळू लागते. २० अंशांचे लिटरभर पाणी उकळीला आणायला ८० किलोकॅलरी लागतात, पण त्या उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ करायला आणखी ५४० लागतात. दमट वाकळ पांघरलेला माणूस रात्रभर ती वाकळ वाळवण्याची मजुरी करत असतो, असे म्हटले तरी चालेल.

शिक्षक मित्रांनी हे वर्गात करून दाखवावे. दोन सारख्या तांब्यांत सारखेच गरम पाणी घ्या. एकाला कोरडे फडके गुंडाळा, दुसऱ्याला ओले पिळून गुंडाळा, आणि दोन्ही खिडकीत ठेवा. दर दहा मिनिटांनी थर्मामीटर बुडवून मुलांना आकडे फळ्यावर लिहू द्या. कोणता तांब्या आधी निवतो, हे मुलेच सांगतील.

म्हणून निघण्याआधी चांगले आठ दिवस गाडी उन्हात काढा. ताडपत्री दोन्ही बाजूंनी उलटून वाळवा. फळ्या झाडून घ्या. उंदराचे बीळ, विंचू, क्वचित साप असेल तर तो त्याच वेळी कळलेला बरा. वाकळा आणि घोंगड्या लागोपाठ दोन-तीन दिवस ऊन चढल्यावर टाका आणि दव पडण्याआधी घरात घ्या. दिवसभर वाळवायचे आणि रात्री बाहेरच विसरायचे, हा उद्योग पुष्कळ घरांत चालतो. आश्विनातले कडक ऊन हे फुकटचे इंधन आहे. पौषात ते इतके जोमदार नसते.

दुसरी गोष्ट तळाची. लोखंडातून उष्णता लाकडापेक्षा शेकडो पटींनी जास्त वेगाने जाते. पांघरुणे चार आणि खाली एक पोते, हे गणित उलटे आहे. आधी कडबा किंवा वाळलेले पाचट वीतभर जाड पसरा, त्यावर बारदान, मग वाकळ. अंगाखाली दबून हा थर पातळ होतो, म्हणून दर दोन-चार दिवसांनी तो हलवून फुलवावा. घोंगडी मात्र वरच घ्या. लोकरीच्या कुरळ्या धाग्यांत हवा छान अडकून राहते.

मुक्कामाची जागाही पाहावी. आम्ही भूगोलवाले हे सांगितल्याशिवाय राहत नाही. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते, तिच्यालगतची हवा गार होऊन जड होते आणि उतारावरून ओढ्याच्या, नदीच्या खोलगट भागात जाऊन साचते. पाण्याची सोय म्हणून कोप्या बहुधा नदीकाठी किंवा कालव्याकाठी पडतात, आणि पहाटेची सगळ्यांत बोचरी थंडी तिथेच असते. पाणी आणायला चार पावले जास्त पडली तरी गाडी थोडी वर, झाडाच्या आडोशाला लावावी.

झोपलेला माणूससुद्धा एक लहानशी शेगडीच असतो. जुन्या ७५ वॅटच्या दिव्याइतकी उष्णता तो सतत देतो. कोरड्या अंथरुणात दोघे-तिघे शेजारी झोपले की एवढी ऊब बहुतेक रात्रींना पुरते. पण प्रत्येकाच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात साधारण पाव लिटर पाणीही बाहेर पडते. ताडपत्री चारी बाजूंनी आवळून बांधली, तर हेच पाणी सकाळी आतून टपकते आणि वाकळा पुन्हा ओल्या. तेव्हा एका टोकाला खाली आणि दुसऱ्या टोकाला वर, अशी हातभर फट ठेवायलाच हवी.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. घमेल्यात निखारे घ्यायचे, ते ट्रॉलीत किंवा कोपीत ठेवायचे आणि पडदा पक्का लावून झोपायचे, ही रीत फार घातक आहे. जळणाला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. धूर डोळ्यांना झोंबतो, खोकला आणतो, माणसाला जागे करतो. धूर संपलेला लालबुंद निखारा मात्र गुपचूप काम करतो, म्हणून तो अधिक फसवा. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन असते. ते प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवते. माणूस श्वास घेत असतो, छाती हलत असते, आणि तरी मेंदूला प्राणवायू पोचत नाही.

फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला १९०२ साली पॅरिसमधल्या स्वतःच्या घरात याच वायूने मरण पावला. धुराडे तुंबलेले होते आणि खोली बंद होती. इंग्लंडच्या कोळसा खाणींत तर याची चाहूल लागावी म्हणून पिंजऱ्यात कॅनरी पक्षी नेत. माणसाआधी तो कोसळे. १९८६ साली त्याच्या जागी यंत्रे आणायचे ठरले. आपल्या कोपीत ना पक्षी, ना यंत्र.

कोणी म्हणेल, खाली झोपले की झाले. तसे नाही. हा वायू वजनाने जवळजवळ हवेइतकाच असतो आणि सगळीकडे सारखा पसरतो. पाण्याची बादली शेजारी ठेवल्यानेही काही होत नाही. तो पाण्यात फारसा विरघळत नाही. गर्भवती बाईला तर याचा धोका दुहेरी, कारण तो पोटातल्या बाळाच्या रक्तातही शिरतो. तोडीला जाणाऱ्या बायांपैकी कितीजणी दिवस गेलेल्या असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग ऊब हवीच असेल तर? शेकोटी बाहेर पेटवा. तिच्याजवळ विटा तापवा, हाताला सोसवतील इतपत निवल्या की पोत्यात गुंडाळा आणि पायथ्याशी ठेवा. नदीतला ओला दगड मात्र तापवू नका, तो तडकून उडतो. याहून सोपे म्हणजे गरम पाणी. सारख्या वजनाच्या विटेपेक्षा पाणी जवळजवळ पाचपट उष्णता धरून ठेवते. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत पाणी भरा, वर जुना पायमोजा चढवा आणि निजायच्या तासभर आधी अंथरुणात सारून द्या. लेकरांजवळ ठेवताना भाजणार नाही ना, हे गालाला लावून पाहावे.

इतके करूनही कुठे असा प्रसंग ओढवला, तर तो ओळखायचा कसा? डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, हातापायांत बळ न उरणे, आणि हे एकाच गाडीतल्या दोघा-तिघांना एकदम होणे. लोक म्हणतात, काहीतरी खाण्यात आले. आत निखारे असतील, तर आधी सगळ्यांना उघड्यावर आणा आणि १०८ ला फोन करा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला ४-५ तास लागतात. दवाखान्यात प्राणवायू दिला, तर दीड तासाच्या आत तेवढे होते. बोटाला लावायचे प्राणवायू मोजण्याचे साधे यंत्र इथे फसते. ते या वायूलाही प्राणवायूच समजते आणि आकडा चांगला दाखवते. म्हणून डॉक्टरांना आपणहून सांगा की गाडीत विस्तव होता, आणि त्याच गाडीत झोपलेले बाकीचेही, बरे दिसत असले तरी, तपासून घ्या.