कागदांविना कॉलेज, लेखांक ५ : तीन वर्षांच्या शाळेची किंमत

मागच्या लेखांकात टेक्सासमधल्या टायलर गावचा खटला आला होता. कागदपत्रं नसलेल्या मुलांकडून तिथल्या शाळा वर्षाला १,००० डॉलर मागू लागल्या आणि १९८२मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांना चाप लावला. तेव्हापासून आईबापांकडे कागद असोत-नसोत, मुलाला सरकारी शाळेत बारावीपर्यंत फुकट शिकता येतं. त्यापुढे मात्र या निकालाचा आधार नाही.

या मुलांना कॉलेजात प्रवेशच मिळत नाही, असा अनेकांचा समज असतो. तो बहुतांशी चुकीचा आहे. केंद्रीय कायद्याने प्रवेशाला बंदी घातलेली नाही. साउथ कॅरोलिनाने २००८मध्ये आणि अलाबामाने २०११मध्ये सरकारी कॉलेजांची दारं बंद केली खरी, पण ते अपवाद. बाकी बहुतेक ठिकाणी घोडं अडतं ते पैशापाशी.

केंद्र सरकारची मदत हवी तर ‘फाफ्सा’ नावाचा अर्ज भरावा लागतो. पेल ग्रँट असो, सरकारी कर्ज असो की कॅम्पसवर काम करून फी भागवण्याची योजना असो, सगळं त्यातूनच. या मुलांना यातलं काहीच मिळत नाही. वर सरकारी विद्यापीठांत फीचे दर दोन: राज्यातल्यांना एक, बाहेरच्यांना दुसरा, आणि ही मुलं एरवी बाहेरच्यांत धरली जातात. कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे यूसीत, २०२४-२५ साली बाहेरच्या विद्यार्थ्याला नेहमीच्या फीवर आणखी ३४,२०० डॉलर मोजावे लागत. बाप हॉटेलात भांडी घासतो आणि आई घरकामं करते, अशा घराने ते कुठून आणायचे?

मग राज्यांनी या मुलांना स्थानिक दर का लावू नये? त्यात १९९६मध्ये अमेरिकी काँग्रेसने एक पाचर मारून ठेवली. त्या वर्षीच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ५०५ सांगतं की, निव्वळ राज्यात राहतात म्हणून अशा मुलांना सवलत दिली, तर ती देशातल्या कुठल्याही राज्याच्या नागरिकाला द्यावी लागेल. तिजोरीला हे झेपणारं नव्हतं.

पाचर पहिल्यांदा सैल केली टेक्सासनेच. २००१मध्ये रिक पेरी या रिपब्लिकन गव्हर्नरने सही केलेल्या कायद्यानुसार राज्यात ३६ महिने राहिलेल्या आणि तिथूनच हायस्कूल पूर्ण केलेल्या मुलाला स्थानिक दर मिळू लागला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात ‘एबी ५४०’ आला आणि त्याचा मसुदा जास्त हुशारीचा निघाला. राज्यात राहण्याची अट त्यात ठेवलीच नाही. तीन वर्षं कॅलिफोर्नियाच्या हायस्कुलात शिकलेलं असावं, तिथूनच पास व्हावं आणि संधी मिळताच कायदेशीर दर्जासाठी अर्ज करीन असं प्रतिज्ञापत्र द्यावं, इतकंच. त्यामुळे फ्रेस्नोत शाळा करून नेवाडात राहायला गेलेला अमेरिकी नागरिकही या सवलतीला पात्र ठरतो. ही कागदावरची पळवाट नव्हे. यूसीत या सवलतीच्या लाभार्थ्यांत अनेक वर्षं नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांचाच भरणा जास्त होता. २०१०मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कायदा उचलून धरला, तो याच मुद्द्यावर.

टेक्सासचा कायदा चोवीस वर्षं टिकला आणि काही तासांत गेला. ४ जून २०२५ रोजी केंद्राच्या न्याय खात्याने राज्यावर दावा लावला, राज्याने विरोध न करता केंद्राचं म्हणणं मान्य केलं आणि न्यायाधीश रीड ओकॉनर यांनी त्याच दिवशी कायमची मनाई दिली. वादी-प्रतिवादी एका सुरात बोलू लागले की ज्याच्या पोटावर पाय येतो त्याचं ऐकायला कोर्टात कुणी उरत नाही. केंटकी, मिनेसोटा आणि ओक्लाहोमा यांच्यावरही पुढच्या दोन महिन्यांत असेच दावे झाले. फ्लोरिडाने तर कोर्टाची वाटही पाहिली नाही. आपली सवलत १ जुलैपासून स्वतःच काढून घेतली.

फी कमी झाली तरी पुस्तकं, भाडं, जेवण उरतंच. कॅलिफोर्नियाने २०११च्या दोन कायद्यांनी राज्याच्या शिष्यवृत्त्या या मुलांना खुल्या केल्या. त्यासाठी वेगळा अर्ज आहे, त्याला सोशल सिक्युरिटी नंबर लागत नाही आणि तो केंद्राकडे न जाता राज्याच्याच आयोगाकडे जातो. २०२४च्या वसंतात फाफ्साच्या नव्या संगणक यंत्रणेत नंबर नसलेल्या पालकांचे अर्ज अडकू लागले, तेव्हा आयोगाने हाच अर्ज अमेरिकेत जन्मलेल्या त्यांच्या मुलांनाही भरू दिला. पोरं नागरिक आणि आईबाप बिनकागदाचे, अशी घरं अमेरिकेत लाखोंनी आहेत.

या मुलांसाठीची कॅम्पसवरची मदत केंद्रं कायद्याच्या भाषेत फारशी दिसत नाहीत, पण रोजच्या अडचणी तिथेच सुटतात. प्रतिज्ञापत्र कुठल्या खिडकीवर द्यायचं, चुकून परदेशी विद्यार्थ्याचा दर लागला तर कुणाला गाठायचं, हे तिथला सल्लागार सांगतो. यूसी डेव्हिसच्या लॉ स्कूलमधून चालणारं केंद्र यूसीच्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना फुकट वकील देतं. कामाच्या परवान्याचा प्रश्न मात्र कुठलंही केंद्र सोडवू शकत नाही. तो परवाना लहानपणी अमेरिकेत आलेल्यांसाठीच्या ‘डाका’ योजनेतून मिळे. पण तिची अट १५ जून २००७पासून सलग अमेरिकेत असण्याची. यंदा बारावी झालेली बरीच मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती.

डाकाचं दार एच-४ व्हिसावर, म्हणजे आईबापांच्या नोकरीच्या व्हिसाच्या आधाराने, वाढलेल्या मुलांनाही बंदच होतं, कारण योजना जाहीर झाली त्या दिवशी त्यांच्याकडे कायदेशीर दर्जा होता. बे एरियातल्या आणि न्यू जर्सीतल्या कितीतरी मराठी घरांना ही गोष्ट ठाऊक आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांची वर्षानुवर्षं जातात, तोवर मुलगा एकविसाव्या वर्षी व्हिसाबाहेर पडतो, आणि बालवाडीपासून तिथेच शिकलेल्या त्या मुलाला एफ-१ घेऊन परदेशी विद्यार्थी व्हावं लागतं. त्यांच्याविषयी पुढच्या लेखांकात.