साथ का ओसरते? रोगप्रसाराचे गणित

रोगाची साथ येते, झपाट्याने वाढते आणि काही काळाने ओसरते, हा अनुभव समाजाला शतकानुशतके आहे. ती का ओसरते, या प्रश्नाविषयी मात्र दीर्घकाळ मतभेद होते. रोगजंतूंचा जोर कमी होतो, असे काहींचे मत होते. लागण होण्याजोगी माणसेच उरत नाहीत, असे इतरांना वाटे. या प्रश्नाची गणिती उकल १९२७ साली प्रसिद्ध झाली आणि ती पडताळण्यासाठी जी आकडेवारी वापरण्यात आली, ती मुंबईच्या प्लेगची होती.

मुंबईत १८९६ साली मांडवी भागात प्लेग आढळला व पुढे कित्येक वर्षे तो हंगामागून हंगाम परतत राहिला. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील साप्ताहिक मृत्यूंचे आकडे एडिंबरो येथील दोन संशोधकांनी अभ्यासासाठी घेतले. अँडरसन मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर. कसौलीच्या पाश्चर संस्थेत त्यांनी काम केले होते. विल्यम केरमॅक हे रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतील स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती. मुंबईतील मृत्यू आरंभी मोजके, मग चढत चढत आठवड्याला नऊशेच्या आसपास आणि पुढे तशाच गतीने उतरणारे होते. या आलेखाशी दोघांच्या समीकरणातून निघणारा वक्र चांगलाच जुळला.

समीकरणे क्लिष्ट असली तरी त्यांमागील कल्पना सोपी आहे. लोकसंख्येचे तीन गट पाडावयाचे: लागण होऊ शकेल असे लागणक्षम लोक, लागण झालेले रुग्ण, आणि बरे होऊन अथवा मृत्यू पावून साखळीबाहेर गेलेले. नवी लागण पहिल्या दोन गटांच्या संपर्कावर अवलंबून असते. आरंभी एक रुग्ण सरासरीने चौघांना रोग देतो, असे समजू. साथ पसरते तसतसा लागणक्षम गट आटत जातो. चौघांपैकी तिघे आधीच सुरक्षित झाले की रुग्णाकडून एकालाच लागण होते आणि तेथून साथ उताराला लागते. गावातील प्रत्येकाला गाठल्यावरच ती थांबते असे नाही. लागणक्षम लोकांची संख्या एका ठराविक उंबरठ्याखाली गेली की काहींना स्पर्श न करताच ती विझते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आलेख जुळला म्हणजे कारण सिद्ध झाले, असे होत नाही. प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो आणि मुंबईत तो ऋतुमानानुसार दरवर्षी चढत व उतरत असे. त्यामुळे १९०६ सालच्या उतारामागे हंगामाचा वाटा मोठा होता, असे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले. मूळ लेखकांनाही आपली गृहीतके ढोबळ असल्याची जाणीव होती. उदाहरण सदोष ठरले, तथापि उंबरठ्याची कल्पना टिकली.

लसीकरणाचा हिशेब

या कल्पनेचा खरा उपयोग लसीकरणात होतो. गोवर हा अत्यंत संसर्गजन्य रोग आहे. कोणीही सुरक्षित नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना रोग देतो, असे सामान्यतः मानले जाते. तेव्हा साखळी तोडण्यासाठी सुमारे ९२ ते ९४ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. आता नवव्या महिन्यात दिलेली मात्रा शंभरांपैकी सुमारे ८५ बालकांनाच संरक्षण देते. म्हणजे एकही मूल न सोडता ती मात्रा दिली तरी उंबरठा गाठला जात नाही! दुसऱ्या मात्रेचा आग्रह धरला जातो तो याचसाठी. तिला अनेक पालक केवळ औपचारिकता समजतात, हा गैरसमज दूर करणे शिक्षकांना सहज शक्य आहे.

दुसरी अडचण सरासरीची आहे. एखाद्या तालुक्यात दहा हजार बालके असून त्यांपैकी ९५ टक्के सुरक्षित आहेत, असे समजू. उरलेली पाचशे बालके गावोगाव विखुरलेली असतील तर रोगाला पुढचे पाऊल टाकण्यास जागा मिळत नाही. तीच पाचशे बालके ऊसतोडणी कामगारांच्या तळांवर किंवा रस्ता नसलेल्या वाड्यांवर एकवटली असतील, तर तेथे साथ भडकते. अहवालातील आकडा मात्र दोन्ही प्रसंगी ९५ टक्केच राहतो. म्हणूनच ग्रामपंचायतीने लसीकरणाची टक्केवारी विचारताना ती वस्तीवार विचारणे इष्ट होय.

२०२२ सालच्या अखेरीस मुंबईतील गोवंडी परिसरात, तसेच मालेगाव व भिवंडी येथे गोवराचा उद्रेक झाला. बाधित बालकांमध्ये लस न घेतलेल्यांचे प्रमाण मोठे होते. त्या वेळी केंद्र शासनाने बाधित भागांतील नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांना नेहमीच्या वेळापत्रकाव्यतिरिक्त एक मात्रा देण्याचा सल्ला दिला. जेथे नऊ महिन्यांखालील रुग्णांचे प्रमाण एक दशांशाहून अधिक होते, तेथे सहा महिने पूर्ण झालेल्या अर्भकांनाही एक मात्रा देण्याचे सुचविण्यात आले. ही मात्रा नियमित दोन मात्रांत धरावयाची नव्हती.