हवा, हवामान आणि मूल

‘हवामानबदल’ हा सामासिक शब्द मराठीत आता पाठ्यपुस्तकांपासून वृत्तपत्रांच्या बालपुरवण्यांपर्यंत सर्वत्र रूढ झाला आहे. परंतु मराठी मुलाला त्याचा अर्थ उलगडून सांगू लागले म्हणजे पहिली अडचण येते ती शास्त्राची नव्हे, भाषेची. विषयाचा शास्त्रीय गाभा दहा वर्षांच्या मुलाला आकळण्याइतका सोपा आहे. तो ज्या शब्दांतून आणि ज्या कथनप्रकारांतून त्याच्यापर्यंत पोचतो, ते मात्र ह्या कामासाठी घडलेले नाहीत. प्रस्तुत लेखात ह्या दोहोंचा विचार करावयाचा आहे.

शालेय भूगोलात ‘हवा’ म्हणजे वातावरणाची विशिष्ट वेळची स्थिती आणि ‘हवामान’ म्हणजे दीर्घकाळची सरासरी स्थिती, असा भेद शिकविला जातो. भेद योग्यच आहे. पण शाळेच्या फाटकाबाहेर तो टिकत नाही. उद्या पाऊस पडेल की नाही हे ज्या सरकारी खात्याने सांगावयाचे, त्याचेच नाव मराठीत ‘हवामान खाते’. ‘हवामान ढगाळ राहील’ हे वाक्य मूल रोज ऐकते. त्यालाच ‘हवामान बदलत आहे’ असे गंभीरपणे सांगितले, तर ‘ते तर रोजच बदलते’ असे त्याला वाटावे ह्यात नवल नाही. शिवाय हवा बदलणे ही गोष्ट आपल्या भाषेत पुष्कळदा सुखाचीच असते. आजाऱ्याला ‘हवापालट’ म्हणून महाबळेश्वराला वा पाचगणीला नेण्याची रीत होती. बंगालीतील ‘हाओया बदल’ ह्या शब्दामागेही मधुपूर-गिरिडीहच्या मुक्कामांच्या अशाच आठवणी आहेत.

शेजारच्या भाषांकडे पाहिले असता हा पेच अधिक स्पष्ट होतो. फार्सीतील ‘आब-ओ-हवा’, म्हणजे पाणी आणि हवा, हे जोडपद उर्दूत आणि गुजरातीत दीर्घकालीन स्थितीसाठी स्थिरावले. बंगालीत तेच ‘आबहाओया’ होऊन रोजच्या स्थितीकडे गेले, आणि दीर्घकालीन अर्थासाठी ‘जलवायु’ हा त्याचाच संस्कृत प्रतिध्वनी पुढे आला. हिंदीने ‘मौसम’ आणि ‘जलवायु’ अशी वाटणी केली. गुजरातीतही ‘हवामान’ हा शब्द आहे, पण तो रोजच्या स्थितीसाठी. म्हणजे मराठी मुलाच्या भूगोलात जो शब्द सरासरीचा, तोच दमणगंगेपलीकडच्या मुलाला उद्याच्या पावसाचा. एकच बालपुस्तक अनेक भाषांत काढणाऱ्या संस्थांच्या भाषांतरकारांनी एवढे तरी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

‘हरितगृह वायू’ ह्या संज्ञेची गोष्ट तर ह्याहून विचित्र आहे. मूळ रूपक थंड देशांतील काचेच्या घरांचे. तेथे बाहेर हिमवर्षाव होत असताना आत रोपे जगवितात. ज्याने ते घर पाहिलेले नाही, त्या मुलाला ‘हरित’ म्हणजे हिरवे, म्हणजे झाडांचे, म्हणजे चांगले. मग हरितगृहाचा वायू वाईट कसा? ‘काचघर’ म्हटले असते तरी बरे झाले असते. वास्तविक मूळ रूपकही काटेकोर नाही. काचघर तापते ते मुख्यतः आतली गरम हवा वर निघून जाऊ शकत नाही म्हणून, आणि वातावरणात घडते ते निराळेच. सूर्यप्रकाशाने तापलेली जमीन आपली उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने बाहेर टाकीत असते; हवेतील पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन हे वायू त्यातील काही भाग शोषून पुन्हा खाली पाठवितात. हे १८५९पासून जॉन टिंडल ह्याने प्रयोगांनी दाखविले, आणि त्याच्या तीन वर्षे आधी युनिस फूट ह्या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वायू भरून, ती उन्हात ठेवून, कार्बन डायऑक्साइड अधिक तापतो हे नोंदविले होते. मराठी मुलासाठी ह्याला गोधडीची उपमा पुरेशी आहे. गोधडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. पडताळाही घरचाच: थंडीच्या दिवसांत निरभ्र रात्री काकडायला होते, ढगाळ रात्री होत नाही. कारखानदारीपूर्व काळी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते. १९५८ साली मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा सुमारे ३१५. आज ४२०हून अधिक. अंगावर एक गोधडी होती, तिच्यावर आणखी पदर चढत आहेत. पहिली गोधडी नसती तर पृथ्वी गोठली असती, हेही मुलाला सांगितले पाहिजे. एरवी त्याला त्या वायूचाच राग येतो.

राहिला ‘सरासरी’चा प्रश्न. येथे मराठीजवळ एक जुनी सोय आहे, तिचा उपयोग फारसा कोणी करीत नाही. पावसाच्या नक्षत्रांची परिभाषा घ्या. मृगाचा पाऊस, पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा हत्तीचा: ही नावे पडलेल्या पावसाची नाहीत, अपेक्षित पावसाची आहेत. आणि ‘मृग कोरडा गेला’ असे जेव्हा शेतकरी म्हणतो, तेव्हा अपेक्षा आणि प्रत्यक्ष ह्यांतील अंतर तो एका वाक्यात सांगतो. ती अपेक्षा म्हणजे हवामान. कोरडे गेले ती त्या वर्षाची हवा. शहरातील मुलाला नक्षत्रे ठाऊक नसतात हा आक्षेप खरा आहे, पण हस्तात पाटावर हत्ती काढून भोंडला अजूनही अनेक शाळांत होतो, तेथून आरंभ करता येईल. एक मृग कोरडा गेल्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही. हवामानशास्त्रज्ञ तीस वर्षांची सरासरी धरतात. दहा वर्षांच्या मुलाने तीस मृग पाहिलेले नसतात. त्याला आजीला विचारावे लागते, आणि आजीची आठवणही फसवी असू शकते म्हणून पर्जन्यमापकाच्या वह्यांकडे वळावे लागते. स्मरणाकडून नोंदीकडे हा प्रवास मुलाने स्वतः केला, तर त्याला शास्त्रपद्धतीच समजली असे म्हणता येईल.

दुसरी अडचण कथनाची, आणि मला ती अधिक गंभीर वाटते. निसर्गाविषयीची जाण मराठी मुलाला आजवर मिळाली ती बहुधा संस्कारकथेतून. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) मधील ‘मुकी फुले’ हे प्रकरण त्याचा उत्कृष्ट नमुना होय: मुलाकडून कळ्यांच्या बाबतीत चूक होते, आई समजावते, मूल वरमते. कर्ता, कृती, परिणाम आणि पश्चात्ताप, सारे एका अंगणात. पर्यावरणाचे आजचे धडे हाच साचा उचलतात. नळ बंद करा, झाड लावा, पिशवी वापरा. म्हणजे अपराधी मूल, आणि प्रायश्चित्तही त्याचेच. ह्या सवयी चांगल्याच आहेत, परंतु हवामानबदलाचे स्पष्टीकरण म्हणून त्या खोट्या आहेत. भारतातील माणशी कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. त्यातही कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीने लाजावे असे तिच्या हातून काय घडले? तिला अपराधाची भावना देणे हा अन्याय आहे, आणि एक झाड लावून संकट टळेल असे सांगणे ही फसवणूक.

येथे संस्कारकथेपेक्षा कर्जाची कथा अधिक जवळची आहे. आजाने काढलेले कर्ज नातू फेडतो, हे आपल्या ग्रामीण कथा-कादंबरीला परके नाही. हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग शतकानुशतके तेथेच राहतो, म्हणून त्यालाही कर्जाचे हे रूप शोभते. फरक एवढाच की येथे कर्ज काढणारा बहुधा आपल्या घरातलाच नाही. मुले हे चटकन ओळखतात. ‘मग आपण का फेडायचे?’ हा त्यांचा प्रश्न असतो, आणि शिक्षकाने तो टाळू नये.

३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस धडकलेल्या चक्रीवादळाचे नाव ‘निसर्ग’ होते. बांगलादेशाने सुचविलेले, यादीत क्रमाने आलेले नाव. ‘निसर्गाचे रक्षण करा’ असे भिंतीवर वाचणाऱ्या श्रीवर्धनच्या मुलांनी ‘निसर्गा’त घरच्या सुपारीच्या बागा आडव्या झालेल्या पाहिल्या. त्या एका वादळाचे खापर हवामानबदलावर फोडता येणार नाही, पण तापलेला अरबी समुद्र वादळांना बळ पुरवितो हे त्यांना सांगता येते. सुपारीचे झाड धरते होण्यास सहा-सात वर्षे तरी लागतात. त्या पावसाळ्यानंतर लावलेली रोपे आता कोठे धरू लागावयाची.