तणाला नुसता पाऊस पुरत नाही

मृगाचा पाऊस झाला, वापसा आला, सोयाबीन पेरलं आणि आठवड्याभरात ओळींमधे हिरवं दिसू लागलं की बांधावर एकच बोलणं: पाऊस पडला, तण आलं. पाऊस लागतोच. पण तेवढ्यावर भागलं असतं तर जूनमध्ये चाकवताचीही गर्दी झाली असती. ती होते थंडी पडू लागल्यावर, गव्हा-हरभऱ्यात. केना, माठ यांना खरिपाची ऊब लागते. ओल दोन्हीकडे असते, मातीचं तापमान वेगळं. गाजर गवत मात्र कुणालाच जुमानत नाही. ओल मिळाली की जवळपास वर्षभर उगवतं.

‘जितक्या पाळ्या, तितकं तण कमी’ हा समज जास्त महागात पडतो. उगवलेलं तण कुळवानं मरतं, हे खरं. पण पुष्कळ तणांचं बी खसखशीएवढं बारीक. त्यातली शिदोरी इतकी तुटपुंजी, की खोलवर रुजलं तर कोंब वर पोचायच्या आतच संपते. म्हणून अशा अनेक बिया उजेडाची खूण मिळाल्याशिवाय रुजत नाहीत. बियांमधलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य लाल प्रकाश ओळखतं, आणि माती उलटताना क्षणभर पडलेलं ऊनही काहींना पुरतं. म्हणजे पाळी एक पिढी मारते आणि दुसरीला उठवते! त्यापेक्षा पहिल्या पावसावर तण उगवू द्यावं, उथळ वखरावं, मगच पेरावं. कोरडवाहूत पेरणी लांबवणं दर वेळी परवडत नाही, हेही खरंच. पीक दाटलं की पानं लाल प्रकाश शोषून घेतात आणि खालच्या कित्येक बिया पडूनच राहतात. निंदणी-कोळपणीची खरी निकड आहे ती पीक दाटेपर्यंतच.

खोल नांगरून गाडलेलं बी मेलं, असंही नाही. अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील यांनी 1879 मध्ये बिया बाटल्यांत भरून पुरल्या. 2021 मध्ये काढलेल्या बाटलीतल्या काही रुजल्या. सगळी तणं इतकी चिवट नसतात, पण पुढच्या नांगरटीत गाडलेलं बी पुन्हा वर येतं, हे विसरू नये.

राहिलं प्लॅस्टिक. उन्हाळ्यात माती तापवून बी मारायचं तर काळा कागद बरा, असं वाटतं. प्रत्यक्षात पारदर्शक कागदाखाली माती जास्त तापते, तीही आधी भिजवलेली असेल तर. काळ्याचं काम उजेड अडवण्याचं. लव्हाळ्यापुढे तोही हरतो, कारण लव्हाळा गाठींतून फुटतो आणि त्याचा टोकदार कोंब कागद भोसकून वर येतो.