कोण कोणास म्हणाले?

1 ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठ्यांची जयंती. शाळेत हात मागे बांधून मुलं पाठ केलेलं भाषण म्हणतात आणि ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ म्हणत जागेवर जातात. घाटकोपरमध्ये या घोकंपट्टीची जास्तच हळहळ वाटते. अण्णा भाऊ इथल्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत कितीतरी वर्षं राहिले. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लालबावटा कलापथकातून त्यांनी कामगारांपुढे ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजीचे इलेक्शन’ अशी लोकनाट्यं उभी केली. अशा माणसाची आठवण आपण न हलता, न अडखळता काढतो!

वर्गात नाट्यउताऱ्याचंही तेच होतं. एक जण वाचतो, बाकीचे पुस्तकात बोट ठेवून बसतात. मग स्वाध्याय: कोण कोणास म्हणाले? खरं तर नाटकातला हाच सर्वांत मोठा प्रश्न आहे. कोण म्हणालं, कोणाकडे बघून म्हणालं, कोणाची नजर चुकवून म्हणालं? बसल्या जागी त्याचं उत्तर सापडत नाही.

देवलांचं ‘संगीत शारदा’ घ्या. 1899 सालचं नाटक, भाषा जुनी, आठवी-नववीच्या मुलांना जड जाणारच. म्हणून आधी बाकं मागे सरकवायची. चौघांनी शब्द न बोलता एक चित्र उभं करायचं: पैशापायी मुलगी म्हाताऱ्याला द्यायला निघालेला कांचनभट, नवरा म्हणून मिरवणारा भुजंगनाथ, आई इंदिराकाकू आणि शारदा. आई नेमकी कुठे उभी राहील? मुलीला धरून, की आपल्या नवऱ्याच्या मागे? यावर वर्गात वाद होतो, आणि वाद मिटवायला मुलं आपणहून पुस्तक उघडतात. मग कांचनभटाला खुर्चीत बसवायचं आणि प्रश्न विचारायचे. त्या मुलाने कांचनभट म्हणूनच उत्तरं द्यायची. शेवटी मुलांच्या दोन रांगा. मधून शारदा चालते आणि प्रत्येक जण तिच्या कानात एक वाक्य सांगतो. ‘पळून जा.’ ‘बाबांचं ऐक.’ शारदेच्याच वयाची मुलगी त्या रांगांमधून चालते, तेव्हा जरठकुमारी विवाह हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

ही रीत नवी नाही. इंग्लंडमध्ये डोरोथी हीथकोट शिक्षकालाच भूमिकेत शिरायला लावत. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी प्रेक्षकाला रंगमंचावर बोलावून प्रसंग बदलायला सांगितला. आपल्याकडे सुलभा देशपांडे छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या आणि ‘चंद्रशाला’ या बालनाट्यसंस्थेतून त्यांनी मुलांसोबत नाटक केलं. पण मला वाटतं, या रीतीची मुळं तमाशाच्या बतावणीत आहेत. सोंगाड्याला कथेचा धागा ठाऊक असतो, शब्द तो तिथल्या तिथे जुळवतो आणि समोरच्या गावाला त्यात ओढतो. अण्णा भाऊंनी हीच रीत कामगारवस्तीत वापरली.

यातून अभ्यासक्रम मागे पडतो, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे. पस्तीस मिनिटांच्या तासात आणि साठ मुलांच्या वर्गात सगळं नाटक असं होणार नाही. एक प्रवेश मात्र नक्की होतो.

घाटकोपरच्या शिक्षकांना म्हणूनच विनंती आहे: येत्या 1 ऑगस्टला एक भाषण कमी करा आणि तेवढ्या वेळात मुलांना अण्णा भाऊंची एक बतावणी करू द्या, त्यांच्या स्वतःच्या शब्दांत.