गळाला लावायचे मांसाचे तुकडे

इंग्लंडमधल्या ‘कोर्स फिशिंग’मध्ये (सामन-ट्राउट वगळून गोड्या पाण्यातल्या इतर माशांची हौशी गळमासेमारी) मांसाचं आमिष म्हणजे कच्चं मटण नव्हे. ते बहुधा लंचन मीट (डबाबंद, शिजवलेलं, खारं डुकराचं मांस) असतं. बार्बेल, चब, कार्प या माशांसाठी त्याचे साधारण १ ते २ सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करतात. कानातल्या अत्तराच्या फायासारखं त्याचं काम: तुकडा जागेवर, वास प्रवाहाबरोबर दूरवर.

हे तुकडे अनेकदा गळाला लावण्याआधी परततात; ते वासासाठी, असा समज असतो. पण वास वाढवायचं काम वरून भुरभुरलेली करी पावडर करते (हो, तिथल्या माशांनाही मसाला चालतो!). हलकं परतल्याने बाहेरची बाजू घट्ट होते आणि मऊ तुकडा गळावरून निसटत नाही. फार तळलं तर कवच कडक होतं, मग वासही कमी सुटतो आणि गळाचं टोक तुकड्यातच अडकून राहतं.